सासऱ्यांचं रोम

लग्नाआधी मी पहिल्यांदा इथं अमेरिकेत, पार्सिपनीला त्यांच्या घरी जेवायला गेले, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला रोमची गोष्ट सांगितली आणि मग माझं डिग्री सर्टिफिकेट बघायला मागितलं. दोन्ही अगदी एकाच सुरात. मला पुण्याहून वर्क व्हिसावर येऊन दोनच वर्षं झाली होती आणि त्यांचा मुलगा इथंच जन्मलेला, सिटिझन. "राग मानू नकोस," ते म्हणाले, "पण ग्रीन कार्डासाठी हल्ली लोक काय काय करतात, ते ऐकतो ना आपण." सासूबाई आतून "अहो!" म्हणाल्या. मी हसले आणि दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवलं. उलट टपाली त्यांचं 'थँक यू' आलं. ते ईमेल मी अजून डिलीट केलेलं नाही. माझा स्वभाव असा आहे.

रोमची गोष्ट मी नंतर किती वेळा ऐकली त्याला गणती नाही. सत्तरच्या दशकात ते नोकरीसाठी अमेरिकेला निघाले. अमरावतीच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, नवा कोरा सिव्हिल इंजिनियर, पहिलाच विमानप्रवास. रोमला विमान बिघडलं आणि प्रवाशांना पूर्ण एक दिवस तिथं थांबावं लागलं. मग हे शहरात गेले. कलोसियमच्या मधोमध वाळूत उभं राहून त्यांनी आपल्या वडिलांना हाक मारली आणि ती चारी बाजूंनी परत आली. मोठ्या मैदानातल्या कारंज्यात नाणं टाकलं. पँथिऑन नावाच्या जुन्या देवळात गेले, तर त्याच्या घुमटाला मधोमध भलंमोठं भोक, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला. "देवळाच्या आत उभा राहून मी भिजलो!" इथं ते हात पसरून वर बघायचे. गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या घरी पॉटलकचं जेवण असलं की कुणीतरी म्हणायचंच, "काका, ते रोमचं सांगा ना." माझा नवरा ही गोष्ट ऐकतच लहानाचा मोठा झाला.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने 'चालतंय' म्हणून दिलेली वस्तू कुठं चालत नाही ते शोधणं हे माझं काम. तरी या गोष्टीवर मी कधी शंका घेतली नव्हती. सासूबाई गेल्यानंतर तीन वर्षांनी नवऱ्याने ठरवलं, की बाबांना पुन्हा एकदा रोमला न्यायचं. तिकिटं काढून त्यानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "सरप्राइज!"

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला.

"रोम कशाला? बघून झालंय माझं."

"पन्नास वर्षं झाली बाबा."

"गुडघे दुखतात रे. कॅन्सल होत असेल तर बघ."

याच माणसाने आदल्या वर्षी अलास्काच्या क्रूझवर त्याच गुडघ्यांनी बर्फावर चालून दाखवलं होतं. मी ताटातून वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते आणि त्यांनी नजर काढून घेतली. माझ्या शंकेची सुरुवात तिथून झाली. मग मला आठवलं, सासूबाईंनी एकदा युरोपची टूर ठरवली होती, तेव्हा लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड सगळं झालं आणि इटली मात्र यांनीच वगळायला लावली होती.

नेवार्कहून रात्रभर उडून आम्ही सकाळी रोमला उतरलो. ओळखीच्या प्रत्येकाने पाकीटमारांचं भय घातलेलं, म्हणून मी तिघांचे पासपोर्ट कपड्यांच्या आत पट्ट्यात बांधले होते आणि जवळून जाणारा प्रत्येक माणूस मला चोर दिसत होता. बाबा मात्र सामान येतं तिथल्या काचेपाशी थांबले. "इथं हिरव्या खुर्च्या होत्या," ते म्हणाले. "प्लास्टिकच्या. एकमेकींना जोडलेल्या. त्या तिकडे नळ होता, त्याला पाणी बारीक यायचं. आणि एक घड्याळ होतं, त्याचा मिनिटकाटा उडी मारायचा."

"वॉव, बाबा! काय मेमरी आहे!" नवरा म्हणाला.

मलाही नवल वाटलं, पण वेगळ्या कारणाने. इतक्या वर्षांत कलोसियमबद्दल, कारंज्याबद्दल एकही नवा तपशील त्यांच्या तोंडून आला नव्हता. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. आणि विमानतळावरच्या नळाचं पाणी बारीक यायचं हे आठवतं?

त्या संध्याकाळी आम्ही त्रेवीचं कारंजं बघायला निघालो. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना आइस्क्रीमची आणि चामड्याच्या बॅगांची दुकानं. बाबा चालता चालता मान उंच करून समोर बघत होते. "मैदान लागेल आता," ते दोनदा म्हणाले. मग गल्ली वळली आणि एकदम कारंजंच समोर आलं. एका मोठ्या इमारतीच्या भिंतीलाच ते घोडे आणि पुतळे लगटून उभे, आणि पुढं टीचभर चौक, माणसांनी खच्चून भरलेला. मैदान नव्हतंच. मैदान कधी असणंही शक्य नव्हतं, भोवतालची घरं शेकडो वर्षांची दिसत होती.

बाबा जागच्या जागी उभे राहिले. मी कारंज्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत होते.

"बाबा, कुठे उभे होता तुम्ही? शो मी," नवऱ्याने फोन काढला.

त्यांनी कुठंतरी उजवीकडे बोट दाखवलं. "तिथं असेन. आता गर्दी फार झालीय." फोटोत ते हसलेले नाहीत.

आता मला खाज सुटली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. डिग्री सर्टिफिकेट मागणारा माणूस स्वतःच खोटा निघणार, म्हणून. हॉटेलात परतल्यावर मी फोनवर वाचत बसले. कलोसियमच्या मधली जमीन केव्हाच नाहीशी झालीय. खाली तळघराच्या भिंतींचा चक्रव्यूह उघडा पडलाय, आणि यांच्या तरुणपणीही तो तसाच उघडा होता. वाळूत उभं राहायला तिथं वाळूच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कलोसियममध्ये वरच्या कठड्यापाशी पोचल्यावर मी विचारलं. अगदी गोड आवाजात.

"बाबा, तुम्ही हाक नेमकी कुठून मारली होती?"

त्यांनी खाली पाहिलं. भिंती, कप्पे, गवत, आणि एका टोकाला अलीकडे बसवलेला थोडासा लाकडी भाग. कठड्यावरच्या त्यांच्या बोटांची नखं पांढरी झाली होती.

"तेव्हा भरलेलं असेल," ते म्हणाले.

"नाही, मी वाचलं, तेव्हाही..."

"इनफ!" नवरा मधेच म्हणाला. त्याने बाबांचा दंड धरला आणि सावलीत नेऊन बसवलं. मी तिथंच उभी राहिले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

खोलीत आल्यावर आमचं भांडण झालं. मी सगळे पुरावे सांगितले, मैदान, वाळू, अलास्का, इटली वगळलेली टूर. तो ऐकत गेला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "एटी इयर्सच्या माणसाला तू डिबग करतेयस. काय मिळतं तुला त्यातनं?" मला खरं उत्तर द्यायची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑफिसचा कॉल होता. "मी येतो तासाभरात, तुम्ही व्हा पुढे," म्हणून त्याने आम्हा दोघांना पँथिऑनला पाठवलं. वाटेत बाबा आणि मी फक्त 'सिग्नल' आणि 'जपून' एवढंच बोललो.

आत गेल्यावर मात्र आम्ही दोघंही थबकलो. घुमट वर वर चढत जातो आणि मधोमध खरंच गोल आकाश आहे. त्यातून ऊन आत आलं होतं आणि एका बाजूच्या भिंतीवर त्याचा मोठा चकचकीत गोळा पडला होता. खाली फरशीत पाणी जायला बारीक भोकं. बाबांनी मान मागं टाकली आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं. हे दुसऱ्यांदा बघणाऱ्याचं तोंड नव्हतं.

"केवढं आहे गं हे," ते हळूच म्हणाले. "सळई नाही, काही नाही. नुसतं काँक्रीट."

समोर बाकं होती, त्यावर आम्ही बसलो. लोकांचा कलकलाट वाढला की स्पीकरवरून कुणीतरी वेगवेगळ्या भाषांत शांतता राखायला सांगत होतं.

"तुला कळलंय ना?" त्यांनी वरच बघत विचारलं.

"हो."

"मी आलो नव्हतो इथं. विमानतळाच्या बाहेरच पडलो नाही मी."

मग त्यांनी सांगितलं. विमान बिघडल्यावर एक अधिकारी आला. सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायचे, एका कागदावर सही द्यायची, आणि बस शहर दाखवून संध्याकाळी परत आणेल, असं त्याचं म्हणणं. कागद इटालियन भाषेत. "मी म्हटलं, हा पासपोर्ट घेऊन गेला आणि परत आलाच नाही तर? मी शहरात असताना विमान दुरुस्त होऊन निघून गेलं तर? वडिलांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून मला पाठवलं होतं. सगळे बसमध्ये चढले. मी नाही म्हटलं. पासपोर्ट छातीशी धरून त्या हिरव्या खुर्चीवर बसून राहिलो, दिवसभर. पाणी प्यायला उठलो तेवढाच."

"आणि ते लोक?"

"संध्याकाळी परत आले. हसत, भिजलेले. माझ्या शेजारच्या सीटवर एक गुजराती गृहस्थ होते. रात्री विमानात त्यांनी मला सगळं सांगितलं. नाणं, हे भोक, पाऊस. पोचल्यावर वडिलांना पहिलं पत्र लिहायचं होतं. काय लिहू? की तुमचा मुलगा रोमला घाबरून बसून राहिला? मी त्या गृहस्थांचं रोम लिहिलं."

"आणि हाक?"

"ती माझी," ते म्हणाले. "ती वडिलांसाठी घातली. त्यांनी ते पत्र शाळेत सगळ्या वर्गांत वाचून दाखवलं. मग परत कसं घेणार?"

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. मला सर्टिफिकेटची आठवण झाली आणि नको तिथं ती बोलून गेले. "बाबा, तुम्ही माझं डिग्री सर्टिफिकेट मागितलं होतं."

"माहितेय मला. त्यावरून तुझ्या सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता." ते थांबले. "मी असाच आहे गं. समोरचा फसवणारच, हे धरूनच चालतो. त्यापायी शहर दाराशी असून बघायचं राहिलं. तुझ्याशीही चुकलोच."

"मीही तुम्हाला पकडायलाच निघाले होते," मी म्हणाले. "बरं वाटत होतं मला. कालपर्यंत."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "पकडलंस बरोबर," म्हणाले. जणू एखादं काम नीट झाल्याची पावती देत होते.

नवरा आला तेव्हा आम्ही बाहेरच्या चौकातल्या कारंज्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. बाबांनी मला विचारलं होतं, की त्याला तू सांगतेस का. मी नाही म्हटलं. जेवताना त्यांनी स्वतःच सांगितलं, पास्ता गार होईपर्यंत. नवरा ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला ओळखता येईना.

"आईला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नाही. तिला मी कधीच सांगितलं नाही."

तो उठून बाहेर गेला. काचेतून दिसत होता, फुटपाथवर पाठ करून उभा. परत आला तो बिल मागवायलाच. उरलेले दोन दिवस त्याने बाबांना सगळीकडे हाताला धरून नेलं, प्रत्येक ठिकाणी माहिती वाचून दाखवली, पण 'शो मी' एकदाही म्हणाला नाही. माझ्याशी तो कामापुरतं बोलला. परतीच्या विमानात म्हणाला, "बाबांना ठेवू द्यायचं होतंस ते रोम." मी म्हटलं, त्यांनी आपण होऊन सांगितलं. यावर त्याचा विश्वास नाही, आजही नाही. मी काढून घेतलं असंच त्याला वाटतं, आणि तो पूर्ण चूक आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

दिवाळीत आमच्याकडे वीसेक माणसं होती. फराळ झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "काका, रोमला जाऊन आलात म्हणे परत! जुनी गोष्ट होऊन जाऊ दे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खरी सांगितली. खुर्ची, नळ, दिवसभर बसणं, सगळं. लोक हसले. "काका, यू आर टू मच," एक बाई म्हणाली. "आता ती पावसाची सांगा ना." थट्टा चाललीय असंच सगळ्यांना वाटलं. बाबा दोनदा म्हणाले, की अहो, हीच खरी आहे. मग त्यांनी नाद सोडला आणि चिवड्याची वाटी पुढं ओढली.

मी किचनमध्ये चहा गाळत होते. गाळता गाळता मनात आलं, की त्या काळी उतारूंना असं बसमधून शहर दाखवत असतील का? पासपोर्ट ठेवून घेत असतील का? ते गुजराती गृहस्थ कोण? शोधलं तर काही ना काही सापडेल. फोन ओट्यावरच होता. मी तो उलटा करून ठेवला आणि चहा बाहेर नेला. बाबांना पहिला कप दिला. त्यांनी तो घेतला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.