येळवशीचं आभाळ आणि अनसूची तूर

नांदेड सोडलं त्या सकाळी आठला थर्मामीटरमध्ये अडुसष्ट अंश फॅरनहाइट होते, आणि ते मला मुळीच आवडले नाहीत. ऐन मार्गशीर्षात अंगावर घोंगडी नको वाटावी, हे लक्षण बरं नव्हे.

मी शाळामास्तर. शाळेच्या ओसरीवरचा थर्मामीटर आणि गच्चीवरचं पावसाचं मापटं रोज पाहून वहीत नोंद करायचं काम हेडमास्तरसाहेबांनी माझ्या गळ्यात मारलं आहे. सलग नऊ दिवस नोंद एकच होती: सकाळी आभाळ, हवा उबट, दुपारी उघाड. दहाव्या दिवशी मला शहाणपण सुचलं. लातूरजवळच्या खेड्यात दिलेल्या धाकट्या बहिणीला, अनसूला, पत्र टाकलं की येळवशीच्या सणापर्यंत पाऊस नाही, तूर कापायला हरकत नाही. पत्र पोचलं असेल त्या सुमारास वारा फिरून पूर्वेचा झाला आणि दुपारची उघाडही बंद झाली. तार करावी तर त्या गावाला तारघर नाही. तूर गेली तर सासरी बोलणी कुणाला बसतील, हे काय सांगायला हवं? मी तीन दिवसांची रुखसत मागितली आणि निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नांदेडहून सकाळची गाडी धरा, परभणीला बदला. भाकरी घरूनच न्या, फलाटावरच्या भज्यांच्या वाटेला जाऊ नका. परळीनंतर गाडी फारच रमतगमत जाते. मी प्रत्येक स्टेशनवर खाली उतरून वर बघत होतो. समोरच्या बाकावर उदगीरचा एक व्यापारी होता. त्यानं शेवटी विचारलंच, "मास्तर, वर काय हरवलंय?"

"ऊन."

"ते समद्यांचंच हरवून राहिलंय. आमच्याकडं हरभऱ्यावर अळी पडली."

लातूर रोड स्टेशन आलं म्हणजे लातूर आलं असं समजू नका, तिथून पुढे मोटार लागते. ती कोळशाच्या गॅसवर चालते, त्यामुळे चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. भाडं निजामाच्या हाली नाण्यात आठ आणे. बारा मागतील, देऊ नका. रात्री धर्मशाळेत टेकलो. सकाळी आठला सवयीनं बाहेर येऊन वही उघडली. आभाळ पूर्ण, वारा पूर्वेचा, मानेला घाम.

तो येळवशीचाच दिवस, मार्गशीर्ष अमावास्येचा. लातुरात चहाचं दुकानही उघडं नव्हतं, कारण सगळं गाव शेतात. पण उपाशी राहायचं कारण नाही. वाटेनं चालत राहा, कुठल्याही शेतातून जेवायला हाक येते. मला तीन आल्या. एकही घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

अनसूच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पुजले होते. शेजारच्या खळ्यावर कापलेली तूर पसरली होती. भोवती वीस-पंचवीस पाहुणे जेवत होते. अनसूच्या सासूबाईंनी मला पाट दिला आणि लगेच सुरुवात केली.

"पावणं, बघा तुमच्या भैनीचं शानपन! आभाळ असताना कापा म्हनली. तीन दिस झालं, वाळंना. आन् येळवशीला कामाला हात लावू नये आमच्यात."

अनसू मान खाली घालून आंबील वाढत होती. माझ्या पत्राचं तिनं नावही काढलं नव्हतं. मी तिथंच बोलायला हवं होतं. लिहायला लाज वाटते, पण मी पालेभाज्या-शेंगांची ती भज्जी आणखी मागून घेतली.

पहिला थेंब माझ्या पत्रावळीवर पडला. मग चार, मग दहा. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"तिचा दोष नाही. कापा म्हणून मीच लिहिलं होतं."

अनसूचे सासरे, आबा, खाली बघतच म्हणाले, "ठावं हाय. तिला कुठं वाचता येतंय? पत्र म्याच वाचून दाखिवलं. कापायचं बी म्याच ठरवलं."

"आन् तीन दिस मला बोलू दिलंत तिला?" सासूबाई म्हणाल्या.

 

अनसूनं आंबिलीचं मडकं खाली ठेवलं, कोपीपाशी गेली आणि कडब्याची एक पेंढी उपसली.

"आजच्या दिशी कोप मोडतीस?" सासूबाई ओरडल्या.

"पांडव भिजले तर वाळत्याल, आत्या. तूर न्हाई वाळायची."

सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग स्वतः उठून त्यांनी पाचही दगड पदरात घेतले. मग काय, सगळे पाहुणे उष्ट्या हातांनी धावले. तुरीचा ढीग लावला, वर कडबा अंथरला. अर्धीअधिक तूर वाचली. कडेची काळी पडली.

नांदेडला परतलो तर गच्चीवरचं मापटं कोरडं. माझा अंदाज माझ्या गच्चीपुरता अगदी बरोबर होता. मला डाचत राहिलं ते वेगळंच. तीन वर्षं अनसूला लिहिलेलं प्रत्येक पत्र आधी आबांनी वाचलं होतं, आणि 'मी सुखरूप आहे' हे उत्तरही त्यांच्याच अक्षरात येत होतं. ते वाचून मी निर्धास्त राहत होतो.

उन्हाळ्यात तिला माहेरी आणलं आणि पाटी हातात दिली. दोन महिने ती रोज बसली. परवा तिच्या हातचं पहिलं पत्र आलं. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, ओळ एकच: 'दादा, आत्या मला बोलत होत्या तवा तू आधीच का न्हाई सांगितलंस?'