काटा लाल पट्टीत

बारामती-इंदापूर रस्त्यावर जुन्या गाड्यांचं गॅरेज टाकलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. बॉनेटमधून वाफ सोडत तेच दारात येऊन उभे राहतात! आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच भागाचे: थर्मोस्टॅट. पेढ्याएवढी झडप. इंजिन गार असताना बंद राहते, तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. जुनी होऊन बंदच अडकली, की डॅशबोर्डवरचा काटा लाल पट्टीत आणि चालवणाऱ्याचा जीव टांगणीला.

*

माझा मामेभाऊ दिलीप गॅरेजमधला भागीदार. काढलेला थर्मोस्टॅट तो उकळत्या पाण्यात टाकून बघतो. उघडला तर ठीक, नाहीतर नवा. एकदा गॅरेजचं पातेलं गळायला लागलं, म्हणून त्यानं मागच्या घरातून दुधाचं पातेलं उचललं. आम्ही दोघं वाकून बघतोय, तोवर त्याची बायको, मंदावहिनी, मागं येऊन उभी! दिलीपचं तोंड उतरलं.

"काय चाललंय हितं?"

"काय न्हाय गं. अजून चालतोय का बघतोय."

"काय? थर्मोस्टॅट का संसार?"

*

लोणी भापकरचे एक तात्या. गाडी कशीबशी दारात आणली आणि उतरल्या उतरल्या रेडिएटरच्या टोपणाला फडकं लावून पिळायला लागले. आत पाणी खदखदत होतं. टोपण निघालं असतं तर सगळं तोंडावर! मी ओरडलो. दिलीपनं झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

तात्या भडकले. "हात सोड! गाडी माझी हाय!"

"गाडी तुमचीच हाय तात्या. पर तोंडबी तुमचंच हाय!"

गाडी गार होईपर्यंत दिलीपनं त्यांना लांब बाकड्यावर बसवलं. तात्या मधूनमधून गालावरून हात फिरवत होते.

*

दिलीपही चुकतो. माळेगावच्या एका बागायतदाराच्या गाडीत त्यानं नवा थर्मोस्टॅट बसवला. मालकाला घेऊन आम्ही ट्रायलला निघालो. निमगाव केतकी जवळ आलं आणि काटा चढायला लागला.

"नवीन हाय, बसायला येळ लागतो," दिलीप म्हणाला.

काटा लाल पट्टीला टेकला. मालकाचा चेहरा त्याहून लाल! ऐन बाजारात गाडी बंद केली. गार झाल्यावर खोलून बघतो तर थर्मोस्टॅट उलटा! मालकानं किल्ली काढून आपल्या खिशात घातली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सरळ बसवला, पण सांडलेलं पाणी भरायचं कशानं? शेजारी भाजीवाल्या मावशींची बादली होती. दिलीपनं हात घातला मात्र, मावशी कडाडल्या,

"आधी माझ्या कोथमिरीला, मग तुझ्या इंजनाला!"

*

आणि हे इंदापूरकडचे आबा. मुलगा फॅक्टरीत ड्युटीवर, सुनेला अचानक कळा सुरू झालेल्या, मे महिन्यातली दुपार. ॲम्ब्युलन्सची वाट न बघता आबांनी तिला जुन्या जीपमध्ये बसवलं आणि बारामती धरली. मागं सुनेला सावरत आबांची बायको, आक्का. त्यांनी मला फोन लावून आबांच्या कानाजवळ धरला.

"काटा लाल झालाय रं! काय करू?"

"थांबा आबा. इंजिन जळंल!"

मागून सून किंचाळली, "थांबायचं न्हाय!"

मी म्हणालो, "आबा, सगळ्या काचा उघडा. हीटर फुल सोडा. हळू चालवा."

"ह्या उन्हात हीटर?"

"इंजिनाची आग आत येऊ द्या. दुसरा इलाज न्हाय!"

फोनमध्ये पंख्याचा घरघराट आला. मध्येच सुनेचं कण्हणं. आबा सांगत होते, "उतरतोय... उतरतोय... परत चढला!"

आणि फोन कट. परत लावला, लागेना.

मी मोटारसायकलवर टांग टाकली. आधी इंदापूरच्या बाजूला, मग वळून बारामतीच्या दवाखान्यापर्यंत, रस्त्याच्या कडेला बंद पडलेली जीप शोधत गेलो. कुठंच नाही. दवाखान्याच्या गेटात मात्र ती आडवी उभी, दारं सताड उघडी, खाली पाण्याचं थारोळं. पायरीवर आबा बसलेले, आंघोळ केल्यासारखे घामानं भिजलेले. मी मोटारसायकल तशीच टाकून त्यांच्याकडं धावलो.

"नात झाली," आबा म्हणाले आणि रडायला लागले.

नंतर आक्कांनी मला आत नेलं. सून थकून पडलेली, कुशीत बाळ. मी बाळाला बघायला वाकलो. तशी ती म्हणाली,

"दादा, जीपचा हीटर लई झ्याक हाय. थंडीत बाळाला उपेगी पडंल!"