दारावर एकच नाव

स्टॉकहोममध्ये माणसं नवरे सोडतात, बायका सोडतात, देवाला तर कधीचीच सोडून बसली आहेत. पण वर्षानुवर्षं रांगेत नाव ठेवून मिळालेलं भाड्याचं घर कुणी सोडत नाही. गुनवोर एकस्ट्रांडही काही जगावेगळी बाई नव्हती.

तरुणपणी ती क्रिस्टेर नावाच्या माणसाबरोबर त्याच्या घरी राहायची. लग्न नव्हतं, पण त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही. मग एके दिवशी क्रिस्टेरचं मन भरलं आणि गुनवोर दोन बॅगा घेऊन जिन्यात उभी राहिली, कारण घर त्याच्या नावावर होतं. त्या जिन्यात तिने मनाशी गाठ बांधली, की माणसं येतील नि जातील, आपल्या नावाची किल्ली आपल्यापाशी हवी. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी बटाटे उकडता उकडता केस पांढरे व्हायला लागले, तेव्हा कुठे रांगेत तिचा नंबर लागला. शहराच्या मधोमध दोन खोल्या. त्या दिवशी ती एकटीच रिकाम्या घरात जमिनीवर बसून दालचिनीचा पाव खात हसत होती.

पुढे तमाझ भेटला. जॉर्जिया देशाचा सुतार, दांडगा, मोठ्या आवाजाचा, जेवायला बसला की कुणाच्या ना कुणाच्या नावाने पेला उचलणारा. शहराबाहेर कारखान्याजवळ त्याने ऐसपैस घर भाड्याने घेतलं होतं. गुनवोर तिथे राहायला गेली. ‘जुनं घर सोडलं’ असं तिने त्याला सांगितलं, आणि तो इतका हरखला, की त्या रात्री त्याने तिच्या आईच्या, आजीच्या आणि कधी न पाहिलेल्या पणजीच्याही नावाने पेला उचलला.

घर तिने सोडलं नव्हतं. भावाची मुलगी तूवे हिला गुपचूप राहायला दिलं होतं. घरमालकाला पत्ता लागला तर करार गेलाच, म्हणून सरकारी नोंदीत स्वतःचं नाव तिथेच राहू दिलं होतं. असू दे, अडीअडचणीला, असं ती मनाला सांगायची.

दुसऱ्याच आठवड्यात तमाझने बर्च लाकडाच्या फळीवर तिचं नाव कोरून आणलं आणि दारावर आपल्या नावाखाली ठोकायला घेतलं.

“नको, काढ ते,” ती घाईने म्हणाली. “मालकाला आवडत नाही असलं.”

“तुझ्या नावाने त्याच्या दाराला वाळवी लागते का?”

“नको म्हटलं ना.”

त्याने फळी खणात ठेवली आणि विषय संपवला. तेव्हाच बोलली असती तर! पण नाही बोलली.

गुनवोरचा जोडीदार म्हणून मिळालेला तमाझचा देशात राहण्याचा परवाना तात्पुरता होता. आता तो संपत आला होता आणि त्यांनी कायमच्या परवान्यासाठी अर्ज केला. लाकूड मापावं तशा काळजीने तमाझने एकेक रकाना भरला. ‘तीन वर्षं एकाच पत्त्यावर’ या ओळीखाली गुनवोरने घाईघाईने सही केली. मग परवान्याच्या कचेरीचं बोलावणं आलं, की दोघांनी यावं, विचारपूस वेगवेगळी होईल.

तिथून घराला जणू दृष्ट लागली. नोव्हेंबरचा अंधार दुपारीच खिडकीशी येऊन बसायचा. फोन वाजला की गुनवोरच्या हातातला झारा खाली पडायचा. शेवटी तिने शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माय-लिसजवळ मन मोकळं केलं. चाळीस लिटरची भांडी घासणारी ही बाई कुणाची भीड ठेवत नसे.

“बये, काय करून बसलीस हे!” माय-लिस म्हणाली. “खोटा पत्ता ठेवणं हा आता गुन्हा आहे. नुसता दंड नाही, कोर्ट आहे कोर्ट!”

“पत्ता बदलते की उद्या.”

“बदल. उद्याची तारीख पडेल. मग तीन वर्षं कुठे होतीस, विचारतील.”

“मग करू काय?”

“आधी त्याला सांग. त्यांच्या तोंडून कळलं तर संपलंच.”

सांगायचं, आज सांगायचं, असं करता करता बोलावण्याची सकाळ उजाडली. आगगाडीत तमाझ टाय लावून बसला होता. गळ्याला फास लागल्यासारखी मान सारखी वळवत होता.

“विचारतील, ही घोरते का? काय सांगू?”

“खरं ते सांग.”

“मग संपलंच. म्हणतील, अशा बाईजवळ तीन वर्षं कोण राहील? हा थापा मारतोय.”

गुनवोरला हसू आलं नाही. “तमाझ, माझं ते जुनं घर…”

“आज जुनं काही काढायचं नाही.” त्याने तिचा हात आपल्या खरबरीत पंजात घेतला आणि त्याच्या भाषेत नेहमीचंच काहीतरी पुटपुटला. तुझी इडापिडा मला लागो, असा त्याचा अर्थ. ते ऐकलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. खरं तर भित्रेपणाच तो. पण प्रेमाच्या माणसापुढेच माणूस जास्त भितो.

कचेरीत आधी त्याला आत नेलं. काचेच्या दारातून तिला टेबल आणि त्याचे हात तेवढे दिसत होते. बराच वेळ ते हवेत नाचत होते. तो बहुधा जेवणाचं वर्णन करत असावा. मग समोरच्या बाईने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. हात थांबले आणि टेबलावर पालथे पडले. पुन्हा उचलले गेले नाहीत.

बाहेर आला तो तिच्याकडे न बघता पाण्याच्या नळाशी गेला.

आतली बाई तरुण होती, आनेली नाव तिचं. इथल्या रीतीप्रमाणे अरे-तुरेनेच बोलली, पण आवाज फारच मऊ होता.

“गुनवोर, तमाझ सांगतो की तुम्ही एकत्र राहत नाही.”

“काय?”

“तू शहरातल्या घरी असतेस, शनिवारी त्याच्याकडे येतेस. अर्जातला मजकूर त्याचा, तू न वाचता सही केलीस. दारावर त्याचं एकट्याचंच नाव आहे, म्हणाला.”

“खोटं आहे ते! त्या घरी माझी भाची राहते. मी तीन वर्षं त्याच्याजवळ आहे, एक रात्रसुद्धा बाहेर नाही. पत्ता मीच लपवला, त्याला काही माहीत नव्हतं!” गुनवोर रडत नव्हती, ओरडत होती. “त्याला हे असं का सांगावंसं वाटलं?”

“चुकीच्या पत्त्याचे परिणाम मी त्याला समजावले होते. तुझ्यावर काय येऊ शकतं तेही. त्यानंतर तो हे म्हणाला.” आनेलीने कळफलक जवळ ओढला. “मी तुझंही लिहून घेते. पण दोघांतलं एक खोटं आहे आणि नोंदी त्याच्या बाजूने आहेत. आहे तो परवाना संपला, की बहुतेक त्याला जावं लागेल.”

गुनवोर बाहेर आली तेव्हा तमाझ तिचा कोट हातात धरून उभा होता. तिने बाह्यांत हात घातले. नेहमीसारखी त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली.

“मी त्यांना सगळं खरं सांगितलं,” ती म्हणाली.

“कशाला गं?”

“तमाझ, शिव्या तरी दे मला.”

त्याने मान हलवली. चिडलेला नव्हता, फक्त एकदम म्हातारा दिसत होता.

“घर ठेवलंस ते बरं केलंस,” तो म्हणाला. “आता तुला लागेल.”