दम्याचा रकाना

"तुला कशाला गं फ्लूचं इंजेक्शन? तुमच्या लोकांची अंगं काटक. तुम्हाला काय व्हायलंय?"

अण्णा माझ्या मायला म्हणाले. मंडपातली माणसं हसली. मायसुद्धा हसली. मला तिचं हसणं जास्त लागलं.

हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गुलबर्ग्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतःबद्दल लिहायची सवय नाही. पण त्या दिवशी मी जे केलं तेही यात येतं, म्हणून लिहिते.

आमचं गाव कर्नाटकातल्या मुडबीच्या पुढं. अण्णा गावातले तूरडाळीचे व्यापारी. मायपेक्षा वयानं लहान, तरी तिच्याशी एकेरीच बोलतात. ती त्यांच्या रानात कामाला जाते. मागच्या थंडीत तिला फ्लू झाला, त्यात तिचा जुना दमा उसळला. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात चार दिवस ऑक्सिजनवर होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुढच्या थंडीच्या आधी फ्लूची लस घ्याच. विकतची लस आम्हाला झेपणारी नव्हती. अण्णांनी एका ट्रस्टला सांगून गावात मोफत शिबिर आणलं, तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला होता. खरंच वाटला होता.

शिबिर देवळाच्या सभामंडपात. आमची बौद्धांची वस्ती त्या मंडपात जात नाही. जाऊ नका असं कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. गावात काही वाटायचं असलं की गावकरी आत, आम्ही पायरीखाली. आमचं शेवटी. अजूनही.

फॉर्म कन्नडमध्ये होते. आलेल्या सिस्टरला मराठी येत नव्हती. गावात कन्नड बोलणारे पुष्कळ, पण लिहायचं म्हटलं की माझी आठवण होते. मला टेबल दिलं. पायरीखाली. माणसं आतून नाव-वय सांगायची, मी लिहून कागद वर द्यायची. माझं अक्षर मंडपात जात होतं, मी बाहेर. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट सगळे माझं अक्षर बघायलेत म्हणून बरं वाटत होतं.

खांबावर एक कागद चिकटवला होता. लस कुणाला मिळेल: साठीच्या वरचे, गरोदर बाया, दमा किंवा साखरेचा आजार असलेले. फॉर्मवर आजाराचा रकाना होता. त्यात लिहिलेलं बघून सिस्टर लस देत होती. लस मोजकीच आली होती.

गावकऱ्यांतल्या साठीवरच्या म्हाताऱ्यांचं झालं. मग अण्णांचा पुतण्या आला. बावीस वर्षांचा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पाच किलोमीटर पळतो. अण्णा वरून म्हणाले, "दमा लिही."

मी त्याच्याकडं बघितलं.

"लिही की अक्का. तुझ्या बापाचं काय जायलंय?" तो म्हणाला. मला अक्का म्हणतो, माझ्यापेक्षा मोठा असून.

मी लिहिलं. मग त्याचे दोन मित्र आले. त्यांनाही दमा. तेही मीच लिहिलं. माय सकाळपासून उन्हात बसलेली. मला ती दिसत होती. मी मनात म्हणत होते, तिच्यापुरती उरेल. वाकडं बोलून कशाला घालवायचं.

सिस्टरनं दारात येऊन सांगितलं, एकच उरली. मी मायचा फॉर्म वर धरला. त्यावर दमा लिहिला होता. खरा. सोबत दवाखान्याचा कागद. तेव्हा अण्णा ते काटक अंगाचं बोलले. फॉर्म त्यांनी घेतलाच नाही. त्यांचा मेहुणा कारमधून नुकताच उतरला होता. पस्तिशीचा, धडधाकट.

"पावण्याचं लिही. दमा."

"न्हाई लिहीत," मी म्हणाले.

आवाज फार बारीक निघाला. अण्णांनी विचारलं, काय म्हणालीस. मग मी मोठ्यानं म्हणाले आणि पायरी चढले. मंडपात गेले. सिस्टरला कन्नडमध्ये सांगितलं की आधीच्या तिघांना दमा नाही, मी खोटं लिहिलंय, आणि दम्याची बाई बाहेर बसलीय.

 सिस्टरनं अण्णांकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, कागदावर असेल तसं मी देते. पुतण्यानं वेड्यावाकड्या कन्नडमध्ये मेहुण्याचा फॉर्म भरला. शेवटची लस त्याच्या दंडात गेली. माझ्यासमोर.

"शिकली की अशी डोक्यावर बसतात," अण्णा म्हणाले. ओरडले नाहीत. उद्यापासून मायनं कामाला येऊ नये, एवढं सांगितलं.

घरी येताना माय माझ्या पुढं पुढं चालत राहिली. दारात पोचल्यावर म्हणाली, "कामून चढलीस आत? दोन दिस खोकला काढला असता मी."

दोन दिवसांचा खोकला नव्हता तो. ऑक्सिजनची नळी लावलेली असताना तिचा हात मी धरून बसले होते.  मला अण्णांचा राग होता, सिस्टरचा होता, पण सगळ्यात जास्त त्या तीन फॉर्मांचा होता. ते कुणी माझा हात धरून लिहून घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत घरोघर फिरले. दम्याचे, साखरेचे, साठीवरचे, दोन गरोदर पोरी. कुणालाच लस मिळाली नव्हती. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्यायच्या अर्जात सगळ्यांची नावं कन्नडमध्ये लिहिली. खाली त्या तिघांची नावं आणि मेहुण्याचं. आणि तिघांचे खोटे फॉर्म कुणी भरले तिथं माझं नाव, बापाच्या नावासकट. माय म्हणाली, तुझं तरी नको लिहूस, कॉलेज जाईल. जाईल तर जाऊ दे. माझं नाव लपवून मला त्यांची नावं सांगता येणार नाहीत.

बसवकल्याणला तालुक्याच्या आरोग्य ऑफिसात कारकून म्हणाला, ठेव टेबलावर, साहेब आले की बघतील. मी ठेवला नाही. पोच दिल्याशिवाय अर्ज देणार नाही, मी म्हणाले. त्यानं दिली नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे. मंगळवारीही. वस्तीतली माणसं सोबत घेऊन जाणार आहे. थंडी सुरू व्हायच्या आत मायला लस पाहिजे, आणि ती मी मागायला नाही, घ्यायला जाणार आहे.