साहेब, तुम्हीच सांगा

बारावीचा निकाल लागला तो उन्हाळा दुष्काळाचा. बजाजनगरात रोज नवी घरं उठत होती, नळ मात्र कोरडेठाक. टँकरच्या रांगेत पाणी मिळायचं अर्धा ड्रम आणि सल्ले पोतंभर. "कॉम्प्युटर घे गं, अमेरिकेला जाशील." "इथलंच घे, लग्नाला बरं पडतं." ज्या बायकांची पोरं दहावीलाच गटांगळ्या खात होती, त्यासुद्धा मला इंजिनिअरिंगच्या कुठल्या ब्रँचला स्कोप आहे ते सांगायच्या. मी हंडा आपटायचे आणि आई डोळे वटारायची.

मला पुणं हवं होतं. तिथलं ते जुनं, नामांकित कॉलेज, आणि त्यात मेकॅनिकलच. पप्पा वाळूजला कंपनीत लेथवर होते. खंडेनवमीच्या पूजेला आम्हाला कंपनीत न्यायचे, तिथं मशीन बघितली तेव्हापासून माझं ठरलेलं. पप्पांचं बरोबर उलटं. "लोखंडात माझा जन्म गेला तेवढा बास झाला. तू एसीत बस. इथं कॉम्प्युटर मिळतंय ना?" उठता-बसता आमचं हेच. शेवटी मी जेवण सोडलं, तेव्हा म्हणाले, "बरं बाई, तिथं गेल्यावर बघू."

तिथं म्हणजे प्रवेशाच्या हॉलात. तेव्हा सगळं समोरासमोर असायचं. गुणांच्या क्रमानं नाव पुकारायचे. टेबलापाशी जाऊन कॉलेज आणि ब्रँच सांगायची, की फळ्यावरची एक जागा पुसली जायची. नंतर बदल नाही. पुण्याच्या मेकॅनिकलच्या जागा एकेक करून पुसल्या जात होत्या. एकच जागा उरली आणि माझं नाव आलं.

"कोणतं देऊ?" टेबलापलीकडच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी हात जोडले. "साहेब, तुम्हीच सांगा. तुम्हाला लई कळतं."

अरे देवा! कंपनीतली सवय. साहेब दिसला की पप्पांचे हात आपोआप जुळायचे, मग तो कुठलाही का साहेब असेना.

"मुलगी आहे, घराजवळचं बरं. इथलं कॉम्प्युटर लिहितो." साहेबांनी पेन टेकवलंसुद्धा.

"व्हय साहेब."

"नाय!" मी इतक्या जोरात ओरडले की मागच्या रांगेतले लोक उठून बघायला लागले. "मला पुण्याचं मेकॅनिकल पाहिजे. शिकायचं मला आहे, यांना नाय!"

साहेबांनी आता कुठं वर बघितलं. पप्पा फरशीकडे बघत होते. सही करा म्हटल्यावर त्यांनी मुकाट्यानं सही केली. जागा मला मिळाली.

पण मिळून काय उपयोग? पाठवायचं पप्पांच्या हातात. हॉलपासून क्रांती चौकापर्यंत ते पुढं आणि मी मागं. चारचौघांत बापाचा पाणउतारा केला होता मी. आता हे मला घरातच बसवणार, असं मी धरूनच चालले होते.

चौकात वाळूजच्या रिक्षाची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात त्यांच्या कंपनीतले एक काका भेटले. "काय झालं पोरीचं?"

पप्पांनी घसा खाकरला. "मेकॅनिकल. पुण्याला. साहेब म्हणत होता इथंच राहू द्या. मीच म्हणलो, नाय साहेब, पोरगी पुण्यालाच जाईल."

धादांत खोटं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"व्हय काका," मी म्हटलं, "पप्पांनीच सांगितलं."