अजून ताप आहे

आमची ही नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने जिन्याखाली तीन ड्रम मांडले आणि अख्ख्या इमारतीची सालं, देठं, चहाचा चोथा खतासाठी गोळा करायला लागली. नाकं मुरडणाऱ्यांना म्हणायची, "तुमच्यापेक्षा हे पेशंट बरे. कुरकुर तरी करत नाहीत." रोज ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालायची. आत गरम लागलं की, "अजून ताप आहे." कच्चं खत मुळं जाळतं, म्हणून ताप पुरता उतरेपर्यंत ती कुणाला मूठभरही देत नसे.

एकदाच दिलं. इमारतीच्या सेक्रेटरींनी ड्रम हटवायचं मनावर घेतलं होतं. "इतक्या दिवसांत दिसलं काय? नुसता वास!" हे हिला फार लागलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे मास्तर कुंडीतल्या लिंबासाठी खत मागायला आले. लिंबू त्यांच्या बायकोने लावलेलं. ती गेल्यापासून ते त्याच्याशीच बोलत. हिने ड्रममध्ये हात घातला, जराशी थबकली, आणि सेक्रेटरींदेखत घमेलं भरून दिलं. मी शेजारीच होतो. "गरम आहे का गं?" एवढं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

लिंबाची पानं पिवळी पडली, मग गळाली. मास्तर जिन्यात भेटले. "सिस्टर, मीच पाणी जास्त घातलं हो. तिची एवढी एक वस्तू मला सांभाळता आली नाही."

ही घरी आली, पानावर बसली नि तशीच उठली.

मी म्हटलं, "राहू दे ना. कळलं तर त्यांना जास्त लागेल. वर ड्रमही जातील."

"आणि त्यांनी जन्मभर स्वतःला बोल लावत बसायचं?" असं म्हणून ती खाली गेली. मीही मागोमाग गेलो.

"मास्तर, पाण्याने नाही गेलं. खत कच्चं होतं. माझ्या हाताला कळलं होतं, तरी दिलं."

मास्तरांनी दार लोटून घेतलं.

बऱ्याच दिवसांनी ते ड्रमपाशी आले. लिंबाच्या वाळक्या फांद्या बारीक तोडून आणल्या होत्या. "हेही घाला यात. नवं रोप आणीन म्हणतो. पण या खेपेला घाई नको."

आता रोप येऊन त्यांच्या दाराशी थांबलंय. ही रोज ड्रममध्ये हात घालते आणि म्हणते, "अजून ताप आहे." काल मीही हात घालून पाहिला. खत काळंभोर, भुसभुशीत, थंडगार. तिला सांगायला हवं. पण तेव्हा गप्प राहिलेला मी, आता कोणत्या तोंडाने बोलू?