नुसता हुंकार

लहानपणी आई गोष्ट सांगायची ती एका अटीवर: ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. आम्ही सुरतेत, नवागामच्या एका खोलीत राहायचो. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. संध्याकाळी भाकरी थापता थापता आई कोल्ह्याच्या गोष्टी सांगायची आणि माझं ‘हं’ थांबलं की गोष्टही थांबवायची. कोल्हा विहिरीच्या काठावर असला तर तिथेच उभा. मग मी घाईघाईने दोन-तीनदा ‘हं हं’ करायचो, तेव्हा कुठे बिचाऱ्याची सुटका व्हायची.

हा हुंकार पुढे मी कोडमध्ये घातला. मी सुरतेतल्याच एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. माझं काम जरा पडद्यामागचं. ब्राउझरकडून सर्व्हरकडे मागणी येते. ती कोणी घ्यायची, कशी तपासायची, उत्तर कसं द्यायचं याचे नियम मी ठरवतो आणि बाकीचे प्रोग्रामर त्या नियमांवर आपापला कोड लिहितात. याला इंटरफेस म्हणतात. तो चांगला जमला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. फसला तर सगळे माझ्या नावाने खडे फोडतात. मला तसा पटकन राग येतो, आणि स्वतःच्या हुशारीचा अभिमान त्याहून पटकन.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे कापड रंगवणारी प्रोसेस हाउसं. रंगवायला आलेल्या कापडाचा लॉट नोंदवायला सर्व्हरला वेळ लागायचा, तोवर स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं आणि वैतागलेला माणूस पुन्हा बटण दाबायचा. मग तोच लॉट दोनदा. यावर मी तोड काढली. मागणी आली की लगेच ‘मिळालं’ एवढं उत्तर द्यायचं आणि खरं काम मागाहून सावकाश करायचं. या सोयीला मी नाव दिलं ‘हुंकार’. टीममधल्या गुजराती मंडळींना ते फार आवडलं, कारण त्यांच्याकडेही गोष्ट ऐकताना होंकारो देतात. मी तर हवेतच होतो.

फक्त टीममधल्या सगळ्यांत जुन्या बेननी एक शंका काढली. माझ्या रचनेत हुंकार अगदी पहिल्या ओळीत देता येत होता, मागणीत काय लिहिलंय ते उघडून बघण्याच्याही आधी. म्हणून तर तो इतका वेगवान होता. मी त्यांना वेगाचे आकडे दाखवायला लागलो. त्यांनी आकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “होंकारो तो आप्यो, पण सांभळ्युं कोणे?”

हुंकार तर दिला, पण ऐकलं कोणी? मी हसून म्हणालो की मागणी न वाचता हुंकार देऊ नका असं माहितीपुस्तिकेत लिहून टाकू, आणि विषय बदलला.

त्या दिवसांत मी घरूनच काम करत होतो. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघंच. आई स्वयंपाकघरातून अहिराणीत काहीबाही सांगत राहायची. शेजारच्या बाईचा गुडघा, भाजीवाल्याची लबाडी, गावाकडचा पाऊस. मी स्क्रीनवरून नजर न हलवता ‘हं’ म्हणायचो. तिचं बोलणं चालू राहायचं म्हणजे माझा हुंकार चोख होता.

एका सकाळी पाहतो तर आई पिशवी भरत होती आणि माझे दोन सदरे घडी करून बाजूला ठेवलेले. म्हटलं, हे काय? तर म्हणे, कानबाईला गावी जायचं ना.

आमच्याकडे खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. सगळी भाऊबंदकी गावच्या घरी जमते आणि रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढतात. आमच्या घराण्यात जो येणार म्हणून कळवतो, त्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ पडते. एकदा पडलेली मूठ मागे घेत नाहीत. तो रोट घरच्यांनीच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. मी कित्येक वर्षं गेलो नव्हतो. यंदा आईने मला विचारलं होतं म्हणे, आणि नेमका त्याच रविवारी आमचा नवा इंटरफेस गिऱ्हाइकांकडे चालू व्हायचा होता.

मी भडकलो. कधी विचारलंस, मला आठवत कसं नाही, असं बरंच बोललो. ती चिडली नाही. गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

“तू हं करं ना भाऊ,” ती म्हणाली, “म्हनीसन मी गावले सांगी दिन्हं.”

तेव्हाच माझी मान खाली गेली होती, पण जिभेला ते कबूल नव्हतं. काम पुढे ढकलता येणार नाही, असं मी तिला सांगितलं. आलं असतं. बेन एका शब्दावर सांभाळून घ्यायला तयार झाल्या असत्या. पण माझी करामत चालू होताना मला तिथे हजर राहायचं होतं. आईने घडी केलेले माझे सदरे तसेच कपाटात परत ठेवले आणि एकटी गेली.

सोमवारी चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, ताप उतरला का? क्षणभर मला कळेना. मग उजेड पडला. आईने भाऊबंदांना सांगितलं होतं की मला ताप आलाय. जी बाई कानबाईपुढे चप्पल घालून उभ्या राहणाऱ्यालाही हाकलते, ती माझ्यासाठी देवीसमोर खोटं बोलली होती. पुढे तो म्हणाला, तुझ्या वाटचा रोट काकूच खातेय, कोणाला हात लावू देत नाही. आईचे पुढचे दात पडलेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं काय, तर “आता बराय.”

त्याच दिवशी मी पहिल्या ओळीतला हुंकार काढून टाकला. आता मागणी पूर्ण वाचून, नीट साठवून ठेवल्याशिवाय हुंकार जातच नाही. आणि जातो तेव्हा ‘काम झालेलं नाही, चौकशी इथे करा’ हेही सोबत जातं. वेग कमी झाला. बेननी कारण विचारलं. तुमचं बरोबर होतं, एवढंच मी म्हणालो. तापाचं काही सांगवलं नाही.

आई परत आली त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला आणि तो तसाच हातात घेऊन तिच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागायची होती, पण सुरुवात जमेना. तीच बोलायला लागली. कानबाईला यंदा कोणी कसं सजवलं, विसर्जनाला कोण कोण नाचलं. मी मनापासून ऐकत होतो. गोष्ट रंगात आली, तसं मी लहानपणीसारखं म्हणालो, “हं.”

ती थांबली. माझ्याकडे पाहून हसली, अगदी समजूतदारपणे.

“ऱ्हावू दे भाऊ,” म्हणाली, “तुनं काम व्हई जाऊ दे, मंग सांगसू.”

आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. लॅपटॉप माझ्या मांडीवर मिटलेलाच होता.